सिग्नलखाऊ

वरच्या मजल्यावरच्या टेलरबाईंच्या घरी बेल वाजत नाही, दिवा डोळा मारतो. दाराबाहेरचं बटण दाबलं की शिवणयंत्राशेजारचा टेबललॅम्प तीन वेळा मिचकतो. बाई वर बघतात, ओठांत धरलेल्या टाचण्या काढून ठेवतात आणि दार उघडायला उठतात. पस्तिशीत एका तापाने त्यांचे कान नेले. जीभ मात्र नेली नाही, आणि काही गिऱ्हाइकांचं मत असं की तापाने काम अर्धवट सोडलं. समोरच्याच्या ओठांवरून बाईंना सगळं समजतं. रस्त्यापलीकडे उभी असलेली दोन माणसं काय बोलताहेत हे त्या खिडकीतून सांगू शकतात. विचारलं नाही तरी सांगतात.

दिव्याची ही जोडणी माझी. मी तंत्रशाळेत तारा आणि मोटारी शिकवायचो. आता तळमजल्यावर राहतो, आणि इमारतीत कुणाचं काहीही बंद पडलं की ते माझ्या गळ्यात पडतं. त्यामुळे त्या रविवारी संध्याकाळी दारावर थापा पडल्या तेव्हा मी हातात पक्कड घेऊनच दार उघडलं.

बाहेर बाईंचे थोरले भाऊ होते. वजनमाप खात्यातून निवृत्त झालेले निरीक्षक. वरचा ओठ पूर्ण झाकून खालच्या ओठावर उतरलेल्या मिशा, हातात घड्याळ.

"वीस मिनिटं," ते म्हणाले. "वीस मिनिटं मी वर बटण दाबत उभा आहे. आतून कडी. तुमचा तो दिवा पेटतो की नाही?"

आम्ही वर गेलो. मी बटण दाबलं. पुन्हा दाबलं. दार ढिम्म. निरीक्षकांनी दाराला कान लावला.

त्यांच्याबरोबर त्यांची दहा वर्षांची नात आली होती. तिला सगळे भिंगरी म्हणतात, कारण ती एका जागी उभी राहिलेली कुणी पाहिलेली नाही. ती एव्हाना जिना उतरून रस्त्यावर पोचली होती. खाऊच्या डब्याचं स्टीलचं झाकण कलत्या उन्हात धरून तिने कवडसा नेमका बाईंच्या खिडकीतून छतावर टाकला आणि नाचवला. अर्ध्या मिनिटात कडी निघाली.

"किती रे उशीर, दादा!" बाई दारात उभ्या राहून म्हणाल्या. "मी पाचपासून वाट बघतेय."

निरीक्षक आत जाऊन दाराजवळच्या बाकड्यावर बसले. मग म्हणाले, "वीस मिनिटांत मी तुला चार वेळा मेलेली पाहिली."

"मिशा, दादा," बाई म्हणाल्या. "काही दिसत नाही."

हे त्यांचं नेहमीचं. दादांच्या मिशांतून ओठ दिसत नाहीत हे खरंच आहे. पण दादा चहा हवा का विचारतात तेव्हा त्याच मिशांतून बाईंना बरोबर दिसतं, हेही खरं आहे. निरीक्षकांनी खिशातली वही काढली आणि लिहायला लागले. लिहून झालेला कागद आधी बाईंना दाखवला, मग साक्षीदार असल्यासारखा मला.

त्यात लिहिलं होतं की सलग सहा रविवार दिवा लागलेला नाही. आधीच्या पाच वेळी बहिणीने वाट बघून स्वतःच दार उघडलं, आज तेही झालं नाही. बहीण चौसष्ट वर्षांची, एकटी राहते, दाराशी कोण आलंय हे तिला कळत नाही. पुढच्या रविवारी पाच वाजता तीन वेळा बटण दाबण्यात येईल. तिन्ही वेळा दार उघडलं तर बहीण इथेच राहील. एकदा जरी चुकलं तर ती भावाकडे राहायला येईल. खोली रंगवून तयार आहे.

"पिवळा रंग," भिंगरी म्हणाली. "मीच निवडला."

बाईंनी खोलीभर नजर फिरवली. खिडकीशी शिवणयंत्र, भिंतीला गणवेशांचा ढीग, दोरीवर अस्तर काढलेला कोट, दाराशी गिऱ्हाइकाला बसायचं बाकडं. तीस वर्षं ही खोली त्यांचं दुकान होती आणि घरही.

"तुझ्या खोलीत माझं यंत्र मावेल रे," त्या म्हणाल्या, "पण गिऱ्हाईक कुठे मावणार? दोन थांबे पलीकडे कोटाचं बटण लावायला कोण येतंय?" आणि मग, आपण घाबरलो हे भावाला कळू नये म्हणून, त्यांनी पेन हिसकावून कागदावर सही ठोकली.

सोमवारी शाळा सुटल्यावर भिंगरी रोजच्यासारखी आत्याआजीकडे आली तेव्हा मी तिथे जमिनीवर बसलो होतो, दिव्याच्या जोडणीतल्या दोन्ही डब्या समोर ठेवून. एक डबी दाराजवळच्या सॉकेटमध्ये लागते, तिला बाहेरचं बटण जोडलेलं. दुसरी शिवणयंत्राजवळच्या सॉकेटमध्ये, तिच्यात दिव्याची पिन.

"सर, बटण इकडे, दिवा तिकडे. मधली वायर कुठंय?"

"भिंतीत. घराला वीज पुरवते तीच."

"पण तिच्यातून तर करंट जातो."

"जातो. पण सरळ धावत नाही, झोके घेतो. पुढे-मागे, पुढे-मागे. आणि तू झोक्यावर बसतेस तेव्हा परत फिरताना काय होतं?"

"जरासं थांबल्यासारखं होतं. पोटात गोळा येतो."

"तसाच तोही थांबतो. एका सेकंदात शंभर वेळा. त्या थांब्यात ही दाराजवळची डबी तारेवर बारीकशी शिट्टी घालते. ती पलीकडची कान देऊन बसलेली असते. दोघींवर मी एकच अक्षर आणि एकच नंबर लावलाय, ती त्यांची ओळखखूण. आपली शिट्टी ऐकली की ती दिवा मिचकवते."

"आणि ऐकू आली नाही तर?"

"तर दोनच शक्यता. एक, कुणीतरी तारेवर इतका गोंगाट करतंय की शिट्टी बुडून जाते. दोन, कुणीतरी ती वाटेतच खातंय."

"खातंय?"

"काही यंत्रांच्या तोंडाशी तारेवरची खरखर गिळणारा एक छोटा भाग बसवलेला असतो. त्याला आपली शिट्टीही खरखरच वाटते. गट्टम."

"सिग्नलखाऊ!" भिंगरी ओरडली.

या प्रकाराचं पुस्तकातलं नाव दीड ओळीचं आहे आणि ते मी वर्षानुवर्षं मुलांकडून पाठ करून घेतलं. हे आधी सुचलं असतं तर पुष्कळ मुलं पास झाली असती.

"आणि तो गोंगाट करणारा कोण?" भिंगरीने विचारलं.

"तू," शिवणावरून मान वर न करता बाई म्हणाल्या. म्हणजे त्या सगळा वेळ तिरक्या नजरेने आमचे ओठ बघत होत्या.

मी भिंगरीला कामाचा नियम सांगितला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, दहा वेळा बटण दाबायचं, किती वेळा दिवा लागला ते लिहायचं. मनात कितीही खात्री असली तरी लिहायचं. ती बाहेर बटणाशी, मी आत दिव्याशी. फ्रीज चालू: दहापैकी दहा. फ्रीज बंद: दहापैकी दहा. इस्त्री, शिवणयंत्राची मोटार, फोनचा चार्जर, ट्यूब. प्रत्येकाला आरोपीसारखं समोर आणलं आणि प्रत्येक जण निर्दोष सुटला. दिवा इतक्या आज्ञाधारकपणे डोळे मारत होता की मला त्याचा राग यायला लागला. लागत नाही त्या दिव्याचं काहीतरी करता येतं. लागतो त्याचं काय करायचं?

"बाई," मी त्यांच्यासमोर तोंड करून विचारलं, "गेल्या दोन महिन्यांत तुम्ही घरात काही नवीन आणलंत?"

"मी? काहीच नाही," त्या माझ्या डोळ्यांत बघून म्हणाल्या.

मी ते वहीत लिहून घेतलं. इतकी वर्षं वर्गात काढलेल्या माणसाने असं उत्तर लिहून घेऊ नये, उठून बघावं. पण मी लिहून घेतलं.

रात्री विचार करताना मला वाटलं, रविवारच. रविवारी संध्याकाळी सगळी इमारत घरात असते. तेव्हाच कुणाकडे तरी काहीतरी चालू होत असणार आणि त्याचा गोंगाट तारेवरून बाईंच्या घरात शिरत असणार. म्हणून मंगळवारी मी दारोदार फिरून सगळ्यांना विनंती केली की आज पाच वाजता कृपा करून रविवारसारखं वागा.

"रविवारसारखं म्हणजे?" दुसऱ्या मजल्यावरचे मुद्रितशोधक दारातच म्हणाले. "मी रविवारी पाचला झोपलेला असतो."

"झोपेला वीज लागते का?"

"पंखा लागतो."

"मग झोपा."

ते आनंदाने झोपायला गेले. बाकीच्यांनीही मनावर घेतलं. पाच वाजता कपडे धुण्याची यंत्रं घरघरली, टीव्ही लागले, शेजारच्या दंतवैद्य बाईंनी कोरडेच केस पुन्हा वाळवले. सगळी इमारत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी गुणगुणत होती. भिंगरीने दहा वेळा बटण दाबलं. दिवा दहा वेळा मिचकला. अकराव्यांदा तिने गंमत म्हणून दाबलं, तेव्हाही मिचकला.

"सर, मला एक वाटतं," ती जिन्याच्या पायरीवर बसून म्हणाली. "आजोबांच्या बोटातच काहीतरी आहे."

"बोटात?"

"गिऱ्हाईक आलं, लागतो. मी आले, लागतो. तुम्ही, लागतो. आजोबा आले की नाही लागत."

"पण गेल्या रविवारी मीही दाबलं होतं. तेव्हाही नाही लागला."

"आजोबा तिथेच उभे होते ना पण! त्यांचं असर पडतं."

"त्यांचा असर पडतो," मी म्हणालो. निदान व्याकरण तरी दुरुस्त झालं. आणि वहीकडे बघितलं तर पोरीचं म्हणणं अगदी वाऱ्यावरचं नव्हतं. मी तिला म्हणालो, "वाटतं ना? मग तपासू या. आजोबांना घेऊन ये, पण का ते सांगू नकोस. आत्याआजीलाही नाही."

बुधवारी ती कंपासपेटी मुद्दाम आत्याआजीकडे विसरली, घरी जाऊन तिने रडकं तोंड केलं आणि सहा वाजता आजोबांना बोटाला धरून घेऊन आली. मी जिन्यात दबा धरून होतो. निरीक्षकांनी त्या संशयित बोटाने बटण दाबलं.

दार लगेच उघडलं.

"दादा? आज बुधवार आहे," बाई म्हणाल्या. चेहरा चोरी पकडल्यासारखा.

"दिवा लागला?" दादांनी डोळे बारीक केले.

"लागला म्हणून तर आले."

निरीक्षक आत गेले, त्यांनी खुर्चीकडे पाहिलं आणि विचारलं, "गादी कुठंय?"

"मिशा, दादा."

दादांनी दोन बोटांनी मिशा वर उचलून धरल्या. "गा-दी."

"आहे की. झटकून ठेवलीय," बाई घाईने म्हणाल्या आणि कंपासपेटी शोधायला लागल्या, जी त्यांच्या समोरच होती.

मला वाटलं उशीबिशी असेल. त्या क्षणी माझं सगळं लक्ष दिव्यावर होतं. बोट निर्दोष सुटलं होतं, आणि हातात आता एकही आरोपी उरला नव्हता.

खाली येऊन मी वही उघडली. भिंगरी आजोबांना "सरांकडे गणित विचारते" असं सांगून मागे राहिली होती. आम्ही दोघं त्या पानांकडे बघत बसलो.

"रविवारी आजोबा आले, दिवा नाही. बुधवारी आजोबा आले, दिवा आहे," मी म्हणालो. "आजोबा तेच, बोट तेच, दिवा तोच. मग काय बदललं?"

भिंगरीने पेन्सिल चावली. बराच वेळ चावली. मी घाई केली नाही. मूल विचार करत असताना मोठ्या माणसाने करण्यासारखं एकच काम असतं, गप्प बसणं.

"रविवारी आजोबा येणार असतात," ती हळूच म्हणाली. "आज नुसते आले."

तीन दिवस मी तारांमागे धावत होतो आणि ती एका क्रियापदावर बोट ठेवून मोकळी झाली होती. आजोबा आले म्हणून दिवा बंद पडत नव्हता. ते येणार म्हणून पडत होता.

"म्हणजे आत्याआजी आधी काहीतरी करते!" ती उडालीच.

"काय ते कसं शोधायचं?"

"विचारायचं?"

"मी विचारलंय एकदा. त्यापेक्षा तू बघ. उद्या तिला सांग, आजोबा पाच वाजता येतायत. आणि नुसती बघत बस. बोलायचं नाही, हसायचं नाही, दिसेल ते लिहायचं."

"पण आजोबा येणार नाहीत उद्या."

"नाहीत."

"म्हणजे खोटं बोलायचं?"

"प्रयोग आहे," मी म्हणालो. तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती बरोबर तिच्या आजोबांची होती.

गुरुवारी पाच वाजता मी वर गेलो आणि बटण दाबलं. एकदा, दोनदा, दहादा. दार बंदच. आयुष्यात एखादी गोष्ट बिघडलेली पाहून इतका आनंद मला क्वचित झाला असेल. शेवटी भिंगरीनेच कडी काढली. तिचे गाल हसू दाबून फुगले होते.

"वाच," मी म्हणालो.

बाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या. भिंगरीने वही तोंडापासून दूर धरली, म्हणजे आत्याआजीला ओठ दिसावेत, आणि खणखणीत आवाजात वाचलं. "चार वाजून चाळीस मिनिटं. आत्याआजीने टेबल आवरलं. भांडी पालथी घातली. आरशात बघितलं. जीभ काढली. चार पन्नास. आत्याआजीने कपाटातून काळी गादी काढली. तिला मेली म्हणाली. खुर्चीवर ठेवली. दिव्याच्या डबीशेजारी तिची पिन लावली. आत्याआजी गादीवर बसली. आत्याआजी थरथरायला लागली."

आणि खरंच, बाई अजूनही थरथरत होत्या. त्यांच्याखाली एक जाड काळी गादी गुरगुरत होती.

"दा-दादा कु-कुठंय?" त्यांनी विचारलं.

"येणार नाहीयेत," मी म्हणालो.

बाईंनी गादी बंद केली. आधी माझ्याकडे, मग भिंगरीकडे पाहिलं. "लबाडांनो!"

"बाई, मी सोमवारी विचारलं होतं तुम्हाला. नवीन काही आणलंत का."

"तुम्ही विचारलंत मी आणलं का. मी नाही आणली. दादाने आणलीय."

मी खाली बसून गादीच्या अडॅप्टरची पिन काढली आणि भिंगरीला बाहेर पाठवलं. दहापैकी दहा. पिन लावली: दहापैकी शून्य. गादी चालूसुद्धा करावी लागत नव्हती, पिन लागली की पुरे. सिग्नलखाऊ म्हणजे तो अडॅप्टर होता, दिव्याच्या डबीला अगदी खेटून बसलेला. दारापासून भिंतीतून चालत आलेली शिट्टी डबीच्या कानात शिरणार तेवढ्यात तो तिला गिळत होता.

मग बाईंनी सगळं सांगितलं. दोन महिन्यांपूर्वी दादांचं एक लांबलचक व्याख्यान थांबवायला त्या म्हणाल्या होत्या, पाठ दुखतेय. पुढच्याच आठवड्यात दादा पाच दुकानं पालथी घालून ही मसाजची गादी घेऊन आले. बाईंना ती पहिल्या दिवसापासून असह्य. दात वाजतात, चष्मा नाकावरून घसरतो, सुईत दोरा जात नाही. म्हणून ती कपाटात असते आणि रविवारी पाचला बाहेर येते.

"नुसती ठेवली तर?" मी विचारलं. "पिन न लावता?"

"तो हात लावून बघतो, गरम आहे का. वजनमाप खातं! मोजल्याशिवाय त्याचा स्वतःच्या सावलीवर विश्वास नाही."

"मग सांगून टाका त्यांना."

बाईंनी गादीवर चिकटलेला एक धागा टिपून काढला. "तुम्ही त्याला पाहिलं नाहीत ती आणताना. खोका मांडीवर घेऊन बसमधून आला होता. कुणाला धक्का लागू देत नव्हता."

शुक्रवारी मी विजेच्या सामानाच्या दुकानात गेलो. दुकानदाराने मागच्या फळीवरून धूळ झटकून एक पांढरी डबी काढून दिली. ती भिंत आणि गादी यांच्या मधे लावायची. वीज पलीकडे जाऊ देते, शिट्टी जाऊ देत नाही.

"म्हणजे सिग्नलखाऊच्या मुसक्या!" भिंगरी म्हणाली.

तशाच. मुसक्या बांधून, गादी चालू ठेवून, बाईंना तिच्यावर बसवून आम्ही बटण दाबलं. दहापैकी दहा. पुन्हा दहा. शनिवारी पुन्हा वीस. शेवटी दंतवैद्य बाई दार उघडून म्हणाल्या, की दिवा दुरुस्त झाल्याचं आता सगळ्यांना मान्य आहे.

रविवारी पाचला दोन मिनिटं कमी असताना निरीक्षक आले. आत मी, भिंगरी आणि गादीवर थरथरणाऱ्या बाई. पाच वाजता दिवा मिचकला. बाईंनी दार उघडलं. निरीक्षकांनी वहीत टिंब काढलं, "बंद कर" अशी खूण केली. पुन्हा दिवा, पुन्हा दार, पुन्हा टिंब. तिसऱ्या वेळी त्यांनी मुद्दाम चार मिनिटं वाट पाहायला लावली. त्या चार मिनिटांत बाई दिव्याकडे ज्या डोळ्यांनी बघत होत्या ते मी विसरणार नाही. हातातला कोट त्यांनी उलटा धरला होता आणि त्यांना ते कळत नव्हतं. दिवा मिचकला. दार उघडलं.

"तीनपैकी तीन," भिंगरी ओरडली. "आत्याआजी इथेच!"

निरीक्षक आत आले. गादीला हात लावला. समाधानाने मान हलवली. मग त्यांची नजर पिनेवरून सरकत पांढऱ्या डबीवर गेली.

"हे काय? हे मागच्या रविवारी नव्हतं."

"एक छोटी सुधारणा," मी म्हणालो.

"कशावरची?"

मी छताकडे पाहिलं. निरीक्षकांनी वही मिटली. "तीन वेळा लागला, ठीक. पण सहा रविवार का नाही लागला? कारण कळल्याशिवाय मी तराजूवर कधी शिक्का मारला नाही. आज लागला, उद्या लागेल कशावरून? कारण सांगता येत नसेल तर कागद रद्द. सामान बांधायचं."

हे सगळं ते मिशांतूनच बोलले, पण बाईंनी ओठ दिसत नसल्याची सबब काढली नाही. सरळ म्हणाल्या, "दादा, तुझी गादी मला आवडत नाही."

"काय?"

"दिव्याचा सिग्नल तीच खायची. तू येणार म्हणून मी ती लावायचे. एरवी कपाटात असते."

खोलीत कुणी हललं नाही. भिंगरीसुद्धा.

"म्हणजे सहा रविवार," निरीक्षक सावकाश म्हणाले, "मी माझ्याच गादीमुळे दाराबाहेर उभा होतो?"

"हो."

"पण ती गरम असायची."

"तू यायच्या आधी दहा मिनिटं लावायचे."

"तरीच!" ते एकदम म्हणाले. "मी मनात म्हणायचो, बाई दिवसभर बसते म्हणते आणि ही एवढीच कोमट कशी!" मोजमाप बरोबर निघाल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर आला आणि मग हळूहळू मावळला. "एवढी वाईट आहे?"

"बसून बघ."

निरीक्षक बसले. बाईंनी बटण दाबलं. आधी मिशा थरथरायला लागल्या, मग खांदे, मग वही. आम्ही वाट बघत होतो. एक मिनिट गेलं. निरीक्षकांचे डोळे अर्धवट मिटले.

"म-मला त-तर ब-बरं वा-वाटतंय," ते म्हणाले.

"मग ने की तुझ्याकडे!" बाई म्हणाल्या. "त्या रंगवलेल्या खोलीत ठेव."

"ती खोली माझी!" भिंगरी म्हणाली. "रंग मी निवडलाय!"

"तु-तुझ्या व-वह्या ठे-ठेवू. ग-गादी को-कोपऱ्यात," निरीक्षकांनी गादीवरूनच निकाल दिला. मग गादी बंद करून वही उघडली आणि लिहिलं, कारण सापडलं, तक्रार मागे. खाली सही, तारीख, वेळ. कागद त्यांनी बहिणीच्या हातात दिला आणि तिच्या हातावर हात तसाच ठेवला, जरा जास्तच वेळ. "पण रविवारी मी येणारच," ते म्हणाले.

"ये की. कोण नको म्हणतंय!"

गादी काखेत मारून ते एकटेच निघाले. भिंगरी अंधार पडेपर्यंत आमच्याकडे थांबणार होती. बाईंनी कडी लावली, कोट सरळ केला आणि मशीनपाशी बसून त्याचं राहिलेलं बटण लावायला घेतलं. दोन टाके झाले असतील नसतील, तेवढ्यात दिवा मिचकला.

"आत्याआजी, दिवा!"

"दिसतोय मला."

"मग उठ ना."

"दहापर्यंत मोज," बाई म्हणाल्या. दोऱ्याला गाठ मारायला लागल्या. "सहा रविवार मला दिसत नव्हता म्हणून तो थांबला. आज दिसतोय तरी थांबू दे जरा."

भिंगरी मोजायला लागली. दिवा पुन्हा मिचकला. पाच, सहा. बाईंनी दाराकडे पाहिलं, सुई कापडात खोचली आणि सातलाच उठल्या.

निरीक्षक घड्याळ हातात धरून उभे होते. "अडॅप्टर राहिला," ते म्हणाले. "अकरा सेकंद लागले तुला."

"बटण लावत होते," बाई म्हणाल्या. "पुढच्या रविवारी पंधरा लागतील. उभं राहायची तयारी ठेवून ये."